मधपेटी, परसबाग आणि शहर : बंगळुरूतील मधमाशीपालनाची पूर्वपीठिका

मधमाशी हा आपल्या काव्यपरंपरेचा जुना विषय आहे. मधमाशी पाळणारा माणूस मात्र त्या परंपरेला जवळजवळ अपरिचित आहे. भ्रमर, मधुकर, मिलिंद, षट्पद ही संस्कृतातून आलेली नावे मराठी कवितेत शतकानुशतके वावरत आली. शेजारच्या कन्नड भाषेत राघवांकाने तेराव्या शतकात प्रतिष्ठित केलेल्या आणि कुमारव्यासाने पुढे आपल्या महाभारतासाठी स्वीकारलेल्या छंदाचे नावच 'षट्पदी' आहे. या कवितेतील भ्रमर फुलाकडे येतो, रस घेतो आणि निघून जातो. तो कोणाच्या घरचा नसतो. त्यातही हा भ्रमर अनेकदा मधमाशी नसून काळा भुंगा असतो, हे ध्यानात ठेवावे लागते. 'मधपाळ' हा शब्द मात्र मधपेटीच्या प्रसाराबरोबर, म्हणजे विसाव्या शतकात रूढ झाला. बंगळुरूसारख्या शहरात घराच्या परसात मधपेटी ठेवण्याची प्रथा कोणत्या ऐतिहासिक प्रक्रियांतून शक्य झाली आणि आज ती कशावर अवलंबून आहे, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

१. शब्दांची साक्ष

भारतात मध गोळा करण्याचा इतिहास फार प्राचीन आहे. पंचमढी परिसरातील शैलचित्रांत पोळ्यातून मध काढणारी माणसे दिसतात. सुश्रुतसंहितेत मधाचे आठ प्रकार सांगितले आहेत: पौत्तिक, भ्रामर, क्षौद्र, माक्षिक, छात्र, आर्घ्य, औद्दालक आणि दाल. ज्या समाजाने मधाचे इतके सूक्ष्म वर्गीकरण केले, त्याचे निरीक्षण बारीक होते यात संशय नाही. परंतु हे ज्ञान मुख्यतः मध घेण्याचे व वापरण्याचे आहे.

मराठीतील लोकभाषाही हेच सांगते. सह्याद्रीतील माणसाने माश्यांना स्वभावाप्रमाणे नावे दिली. उंच झाडावर किंवा कड्यावर एकच मोठे उघडे पोळे बांधणारी ती आग्या, झुडपात तळहाताएवढे पोळे लटकवणारी ती फुलोरी, आणि झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधणारी ती सातेरी. कन्नडमध्ये याच तिघींना अनुक्रमे हेज्जेनु, कोलुजेनु आणि तुडुवे म्हणतात. 'जेनु' म्हणजे मध. म्हैसूर व कोडगूच्या जंगलांतील जेनु कुरुबा या समाजाचे नावच त्याच्या मध गोळा करण्याच्या व्यवसायावरून पडले आहे. 'आग्यामोहोळ उठणे' किंवा 'मोहोळाला दगड मारणे' या मराठी वाक्प्रयोगांत माणूस आणि माशी यांचे नाते भीतीचे व अंतराचे आहे.

दुसरीकडे 'माधुकरी' हा शब्द आहे. विद्यार्थ्याने किंवा विरक्ताने अनेक घरांतून थोडे थोडे अन्न मागून आणावे, कोणा एका घरावर भार टाकू नये, ही कल्पना मधमाशीच्या वर्तनावरून घेतलेली आहे. राजाने कर थोडाथोडा घ्यावा हे सांगताना मनुस्मृतीनेही भ्रमराचाच दृष्टान्त दिला आहे. मधमाशी आपल्या परंपरेत अशा रीतीने संयमित ग्रहणाचे प्रतिमान ठरली. तिच्याकडून मध घेणारा माणूस मात्र हे प्रतिमान पाळत नव्हता. पोळे काढताना धूर आणि जाळ करून माश्या हुसकावयाच्या, पोळे कापावयाचे आणि अंडी-अळ्यांसकट ते पिळावयाचे, हीच सर्वसाधारण रीत होती. शब्दातील आदर्श आणि व्यवहार यांतील हे अंतर मधपेटीने प्रथम कमी केले.

२. पेटीचे माप

आधुनिक मधपेटीचा जन्म अमेरिकेत झाला. फिलाडेल्फियातील लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकाने १८५१ मध्ये एक साधी वाटणारी गोष्ट हेरली. पोळ्यांच्या मधली व कडेची वाट सुमारे तीन अष्टमांश इंचाची ठेवली, तर माश्या ती मेणाने किंवा राळेने बुजवत नाहीत. या मापामुळे सुट्या चौकटींची पेटी शक्य झाली. चौकट उचलून पाहता येऊ लागली, आणि पोळे न मोडता मध काढता येऊ लागला.

ही पेटी युरोपीय माशीच्या मापाची होती. आपली सातेरी शरीराने लहान, तिची वसाहत लहान आणि पोळ्यांमधील अंतरही कमी. मोठ्या पेटीत तिला ऊब राखणे कठीण जाते. या अडचणीचे दक्षिणेतील उत्तर तिरुचिरापल्ली येथील फादर न्यूटन यांनी शोधले. १९११ ते १९१७ या काळात त्यांनी दाक्षिणात्य सातेरीसाठी लहान पेटी तयार केली आणि ती वापरण्याचे शिक्षण लोकांना दिले. 'न्यूटन पेटी' या नावाने ती तमिळनाडू, केरळ आणि कर्नाटकात पसरली. पेटीच्या मापाला माशी जुळवण्याऐवजी माशीच्या मापाला पेटी जुळवली गेली, हे या घटनेचे महत्त्व होय. घराच्या परसात, ओसरीच्या कडेला किंवा गच्चीवर मावेल असे आटोपशीर आकारमान या पेटीला लाभले, तेही सातेरीच्या लहानपणामुळेच.

महाराष्ट्रात हा उद्योग दोन वाटांनी आला. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ नंतर अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने जी ग्रामीण कामे हाती घेतली, त्यांत मधमाशीपालन होते. सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर येथे १९४६ पासून शासकीय पातळीवर संघटित काम सुरू झाले. जांभूळ, गेळा, हिरडा आणि काही वर्षांच्या अंतराने एकदम फुलणारी कारवी यांनी समृद्ध असलेल्या त्या डोंगरात सातेरीच्या पेट्या शेतकऱ्यांच्या घरांपाशी आल्या. डॉ. गो. भ. देवडीकर आणि चिं. वि. ठकार यांच्यासारख्या संशोधकांनी याच माशीचा शास्त्रीय अभ्यास केला. तिच्या गुणसूत्रांविषयीचा देवडीकर, ठकार आणि शहा यांचा निबंध १९५९ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकातून प्रसिद्ध झाला. पुढे १९६२ मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. सह्याद्रीतील माशीचे शास्त्र बंगळुरूच्या पानांवर छापले गेले, या घटनेत एका भाषेच्या किंवा प्रांताच्या सीमेत न मावणारा ज्ञानव्यवहार दिसतो.

३. साथ आणि तिचा धडा

पेटीत आली म्हणून सातेरी गायी-म्हशींप्रमाणे माणसाळली, असे मात्र झाले नाही. अन्न तुटले, मुंग्यांचा किंवा मेणकिड्यांचा त्रास वाढला, किंवा पेटी वारंवार उघडली गेली, तर संपूर्ण वसाहत घर सोडून निघून जाते. म्हणून पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवणे, पावसाळ्यात फुले नसताना साखरेचा पाक देणे, सगळा मध न काढता माश्यांसाठी काही राखून ठेवणे, ही पथ्ये मधपाळ पाळतो.

या नात्याची खरी कसोटी १९९१-९२ मध्ये लागली. थायलंडमध्ये १९७६ साली प्रथम ओळखला गेलेला 'थाई सॅकब्रूड' हा विषाणुजन्य रोग त्या सुमारास दक्षिण भारतात पसरला. या रोगात अळी कोशावस्थेत जाण्यापूर्वीच मरते आणि द्रवाने भरलेल्या पिशवीसारखी दिसू लागते. केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूतील पेट्यांमधल्या सातेरीच्या बहुसंख्य वसाहती नष्ट झाल्या. घरोघरच्या पेट्या रिकाम्या पडल्या. पंजाब-हिमाचलात १९६० च्या दशकात यशस्वीरीत्या रुजलेली युरोपीय माशी त्यानंतर दक्षिणेतही आणण्यात आली. ती अधिक मध देते, पण तिला अधिक फुलोरा लागतो. मोठ्या संख्येने पेट्या ठेवणारे तिला हंगामानुसार एका पिकावरून दुसऱ्या पिकाकडे हलवतात. परसबागेच्या मालकाला हे सहसा शक्य नसते.

साथीत काही वसाहती तगल्या. ढोलींतून आणि भिंतींच्या फटींतून राहणाऱ्या रानटी सातेरीमधूनही पेट्या हळूहळू पुन्हा भरू लागल्या. पाळीव म्हणून गणलेल्या वसाहतींचे भवितव्य न पाळलेल्या वसाहतींवर अवलंबून होते, हा या साथीचा धडा मानावा लागतो. जुन्या झाडाची ढोली ही मधपेटीची मातृभूमी आहे.

४. कुंपणापलीकडची बाग

सातेरी माशी साधारणतः एक-दीड किलोमीटरच्या परिघात अन्न शोधते. या परिघात कोणाचीही एकट्याची परसबाग हा अगदी लहान तुकडा असतो. तुळस, शेवगा, लिंबू किंवा दोन-चार फुलझाडे वसाहतीला वर्षभर पुरत नाहीत. म्हणजे परसातील मध परसातला नसतोच. तो रस्त्याकडेच्या करंजांचा, पडीक जागेतील जांभळाचा, शेजाऱ्याच्या नारळाचा असतो. या अर्थाने प्रत्येक मधपेटी माधुकरीवर जगते.

म्हणूनच बंगळुरूतील परसबागेच्या मधाचा इतिहास त्या शहराच्या वृक्षांचा इतिहास ठरतो. त्यात गुस्टाव्ह हेर्मान क्रुम्बिगल यांचे नाव अग्रभागी येते. हा जर्मन उद्यानतज्ज्ञ बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत होता. १९०८ मध्ये तो म्हैसूर संस्थानात आला आणि लालबागेचा प्रमुख झाला. वर्षाच्या प्रत्येक काळात शहराच्या कोणत्या ना कोणत्या रस्त्यावर बहर असावा, ही योजना त्याच्या नावाशी जोडली जाते. हा बहर माणसाच्या डोळ्यांसाठी योजलेला होता, आणि गुलमोहरासारखी देखणी झाडे मधमाशीच्या फारशी कामाची नसतात. तरीही बहराच्या सातत्याची कल्पना मधपाळाच्या गरजेशी नेमकी जुळणारी आहे. पुढे १९८० च्या दशकात वनाधिकारी सेतुराम गोपाळराव नेगिनहाळ यांच्या पुढाकाराने शहरात सुमारे १५ लाख झाडे लावण्यात आली.

हाच वारसा आज संकटात आहे. रस्तारुंदी, मेट्रो आणि उड्डाणपूल यांसाठी जुनी झाडे सातत्याने तोडली गेली. बसवेश्वर चौक ते हेब्बाळ या नियोजित पोलादी उड्डाणपुलासाठी आठशेहून अधिक झाडे जाणार असल्याचे कळताच २०१६ मध्ये नागरिक रस्त्यावर उतरले, आणि २०१७ मध्ये तो प्रकल्प रद्द झाला. या आंदोलनाचा विषय मधमाशी नव्हता. परंतु नवे रोप लावून जुन्या वृक्षाची भरपाई होते, हा युक्तिवाद मधमाशीच्या बाजूने पाहिला तर टिकत नाही. रोपाला ढोली नसते, आणि त्याचा बहर यावयास वर्षे लागतात.

५. समारोप

महाबळेश्वर तालुक्यातील मांघर या गावाला २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून घोषित करण्यात आले. एका घराऐवजी गावाला हा मान मिळावा, हे मधमाशीच्या स्वभावाला धरूनच झाले. तिच्या संदर्भात 'पाळणे' या क्रियापदापेक्षा 'राखणे' हे क्रियापद अधिक यथार्थ आहे. रान राखले जाते, देवराई राखली जाते, कारण त्यांत मालकीपेक्षा जबाबदारीचा भाव असतो. मधपेटीने माणसाला मोहोळ न मोडता मध घेण्यास शिकवले. परंतु पेटीच्या चौकटी राखणे आपल्या हाती असले, तरी माशीचा फुलोरा राखणे एकट्या घराच्या हाती नाही. बंगळुरूच्या परसातील पेटी भरलेली राहील की रिकामी, याचा निर्णय कुंपणाबाहेर, नगरपालिकेच्या नकाशावर होतो. हौशी मधपाळाने आपल्या पेटीइतकेच त्या नकाशाकडेही लक्ष ठेवणे म्हणूनच अगत्याचे आहे.