गगनबावडा : एक गोल चक्कर आणि तीनशे वर्षांपूर्वीचा स्पेक

मागच्या जुलैत आम्ही चौघं गगनबावड्याला गेलो होतो. काय पाहिलं? धुकं. गडावर उभं राहून समोर कोकणाच्या जागी एक पांढरा पडदा बघितला, दोन छत्र्या उलट्या करून घेतल्या आणि भिजून परत आलो. परतीच्या एस्टीत एक मित्र म्हणाला, "मठ पाहिला, पायऱ्या पाहिल्या. पण किल्ला कुठे होता रे?"

प्रश्न जिव्हारी लागला. कारण उत्तर मलाही माहीत नव्हतं.

म्हणून यंदा डिसेंबरातला एक शनिवार धरलाय, आणि आधी थोडा गृहपाठ केलाय. आपल्याकडे रिक्वायरमेंट न वाचता कोडिंग सुरू करतात, तसाच मागचा ट्रेक झाला होता :)

तर मंडळी, आधी नकाशा. कोल्हापूरपासून पश्चिमेला साधारण 55 किलोमीटर, सह्याद्रीच्या अगदी काठावर गगनबावडा. गावापुढे रस्ता दुभंगतो. एक फाटा करूळ घाटाने वैभववाडीकडे उतरतो, दुसरा भुईबावडा घाटाने खारेपाटणच्या बाजूला. आणि या सगळ्यावर नजर ठेवून वर गगनगड. म्हणजे टोलनाक्याची आदर्श जागा! खारेपाटण आज आपल्याला हायवेवरचं एक गाव वाटतं, पण विजयदुर्गाच्या खाडीवरचं ते जुनं बंदर. शिलाहार राजा रट्टराजाचा इ.स. 1008 चा ताम्रपट तिथेच सापडला. बंदरात माल उतरला की तो देशावर चढवायला घाट हवा, आणि घाट आला की पहारा आला. गगनगड शिलाहार दुसऱ्या भोजाने बांधला असं परंपरा सांगते. पन्हाळ्यावर राज्य करणारा हा राजा 1212 च्या सुमारास यादव सिंघणाकडून हरला.

पण मला खरा खिळवून ठेवणारा माणूस पुढचा. रामचंद्रपंत अमात्य. 1689 मध्ये रायगडाला वेढा पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले, तेव्हा महाराष्ट्रातला कारभार ज्यांच्यावर टाकला ते हे 'हुकुमतपनाह'. बावड्याची जहागीर त्यांच्या घराण्याची. 1715 चं 'आज्ञापत्र' त्यांच्याच नावावर आहे. त्यातलं दुर्गांचं प्रकरण मी एका रात्रीत वाचून काढलं आणि थक्क झालो. हा तर अस्सल डिझाइन स्पेक आहे! जवळ दुसरा उंच डोंगर असेल तर तो सुरुंगाने तोडा किंवा बांधून आपल्या ताब्यात घ्या. आधी पाणी पाहा, मगच किल्ला बांधा, आणि एका झऱ्यावर विसंबू नका. एकच दरवाजा हा दोष, चोरदिंड्या ठेवा. वाट सोपी असेल तर ती मोडून अवघड करा. गडाभोवतीची झाडी जपा, तिच्यातली काठीसुद्धा तोडू देऊ नका.

आता हा स्पेक हातात घेऊन गगनगड चढायचा. एस्टी स्टँडवरून सुरुवात. गावात पंत अमात्य बावडेकरांचा वाडा, तो बाहेरूनच बघायचा. मग चढाचा डांबरी रस्ता आणि शेवटी पायऱ्या. वर गगनगिरी महाराजांचा मठ, गैबी पीराचा दर्गा, विठ्ठलाईचं देऊळ. मग परत खाली येऊन भुईबावडा घाटाचं तोंड, तिथून करूळचा फाटा आणि पुन्हा स्टँड. अगदी पूर्ण वर्तुळ होत नाही, गडाचा तुकडा त्याच वाटेने परत यावा लागतो. दोरीचा फास म्हणा हवं तर. रमतगमत अर्धा दिवस. मध्यम दर्जाचा, आईबाबांनाही नेता येईल असा. फक्त घाटाच्या तोंडाशी ट्रक जपून.

परतीच्या वाटेवर असळजजवळ उतरून पळसंबे गाठायचं. तिथे ओढ्यातल्या प्रचंड शिळांमधून कोरून काढलेली रामलिंगची छोटी देवळं आहेत. एकेक देऊळ एकेका दगडातलं. पावसाळ्यात ओढा भरून वाहतो, म्हणून हिवाळाच बरा.

आता मित्राच्या प्रश्नाकडे येतो. किल्ला कुठे आहे?

1844 च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी कोल्हापूर संस्थानातल्या किल्ल्यांचे तट-बुरूज पाडले. त्यामुळे 'बाहुबली'छाप दरवाजे शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. राहिलंय ते बांधकामाचं पुस्तक आणि जागा. कडा तोच आहे, दोन घाट तेच आहेत. कड्यावर उभं राहून खाली पाहिलं की कोणती वाट कोणाला दिसते ते आपोआप कळतं. अमात्यांनी वाट अवघड करायला सांगितली, आणि आपण डांबरी रस्त्याने वर जातो. पण जी जागा पहाऱ्याच्या कामाची उरली नाही, ती माणसांनी मठ, दर्गा, देऊळ म्हणून धरून ठेवली. तीही नसती तर आज तिथे फक्त झुडपं असती. सिमेंट बघून नाकं मुरडण्याआधी एवढा विचार करायला हरकत नाही, असं मला वाटतं. मागच्या वर्षी मीही मुरडलं होतं, म्हणून सांगतो.

एक चिंता मात्र आहे. झाडीबद्दलची ती आज्ञा. पंतांनी ती शत्रूसाठी लिहिली होती, आज ती आपल्यासाठी लागू आहे. प्लास्टिकची बाटली गडावर न टाकणं हा तिचाच आजचा अर्थ.

असो. डबा, पाणी, टोपी आणि आज्ञापत्राची प्रत एवढं सोबत घेतोय. धुकं नसेल तर कोकण दिसेल, असेल तर निदान या वेळी कुठे उभा आहे ते मला माहीत असेल. मित्रालाही परत बोलावलंय. उत्तर तिथेच देणार आहे.