धर्मसेवा आणि भाषासहवास : सासष्टीतील एक प्रयोग व त्याची परिणती

बीड जिल्ह्यातील मांजरसुंब्याजवळच्या कपिलधार येथे मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिकी पौर्णिमेस तेथे भरणाऱ्या यात्रेला महाराष्ट्र व कर्नाटक ह्या दोन्ही प्रांतांतून वीरशैव भाविक येतात. ह्या संप्रदायाचे मूळ वचनवाङ्मय कन्नडात व त्याची शास्त्रचर्चा बव्हंशी संस्कृतात होती. परंतु मन्मथस्वामींनी आपला ‘परमरहस्य’ हा ग्रंथ मराठी ओवीत रचिला. ज्या समाजापुढे धर्मविचार मांडावयाचा, त्याच समाजाच्या घरच्या बोलीत तो मांडला पाहिजे, हा सिद्धांत मराठवाड्यास नवा नव्हता. जवळच्याच अंबेजोगाईस मुकुंदराजांची परंपरा होती, आणि दासोपंत (१५५१–१६१५) ह्यांची अफाट ग्रंथरचनाही तेथेच झाली.

हे संतकवी जन्मापासून मराठीच्या किंवा मराठीशेजारच्या भाषांच्या वातावरणात वाढलेले होते. ज्याला ही भाषा मुळापासून शिकावी लागली, अशा परक्या धर्मोपदेशकाने ती कशी आत्मसात केली, आणि त्या शिक्षणाचे त्याच्या धर्मसेवेशी कोणते नाते जडले, हा प्रश्न मात्र वेगळा आहे. त्याचे सर्वांत लक्षणीय उदाहरण दासोपंतांच्याच काळात गोव्याच्या सासष्टी महालात घडले. ते उदाहरण म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स होत.

स्टीफन्स ह्यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात १५४९ च्या सुमारास झाला. १५७५ साली रोम येथे ते येशूसंघात दाखल झाले, १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघाले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये गोव्यास उतरले. त्यानंतर १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस वर्षे, त्यांचे वास्तव्य मुख्यत्वे सासष्टीत राहिले. इंग्लंड, रोम, लिस्बन व गोवा ह्या प्रवासात त्यांना इंग्रजी, लॅटिन व पोर्तुगीज ह्या भाषा उपलब्ध होत्या. परंतु सासष्टीच्या रयतेशी बोलावयास ह्यांपैकी एकही उपयोगी नव्हती. पोर्तुगीज ही राज्यकर्त्यांची भाषा होती, शेतकऱ्याची नव्हे.

येशूसंघाला ही अडचण आधीच जाणवली होती. स्पेनच्या सीमेवरील नवार प्रांतात जन्मलेले फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यास आले व लवकरच दक्षिणेच्या मोतीकिनाऱ्यावर गेले. तेथील कोळ्यांना शिकविण्यासाठी त्यांनी प्रार्थनांचे तमिळ भाषांतर करवून घेतले आणि ते पाठ केले. पाठांतराने प्रार्थना म्हणता येते. ऐकणाऱ्याच्या शंकेला उत्तर देता येत नाही. ही उणीव त्याच किनाऱ्यावर काम करणाऱ्या एन्रिके एन्रिकेस ह्यांनी तमिळचा प्रत्यक्ष अभ्यास करून भरून काढिली. त्यांचे तमिळ प्रश्नोत्तरीचे पुस्तक १५७८ साली कोल्लम येथे छापले गेले.

ह्याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास, स्पॅनिश सत्तेखालील पेरूमध्येही हाच विचार चालू होता. दोमिंगो दे सान्तो तोमास ह्या धर्मोपदेशकाने केचुआ भाषेचे व्याकरण व कोश १५६० मध्ये स्पेनमधील वायादोलिद येथे छापविले. लीमा येथील १५८२–८३ च्या धर्मपरिषदेने लोकांना त्यांच्याच भाषेत धर्मशिक्षण द्यावे असे ठरविले, आणि १५८४ मध्ये स्पॅनिश, केचुआ व आयमारा ह्या तीन भाषांतील प्रश्नोत्तरी तेथे प्रसिद्ध झाली. म्हणजे सासष्टीतील प्रयत्न एकाकी नव्हता. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी भाषेचे शिक्षण हे धर्मसेवेचे अंगच मानले जाऊ लागले होते. गोव्याच्या १६०६ च्या प्रांतिक धर्मपरिषदेनेही, जो पाद्री स्थानिक भाषा जाणत नाही त्याच्याकडे धर्मग्राम सोपवू नये, असा निर्णय केला.

स्टीफन्स ह्यांच्या भाषाभ्यासाची पहिली खूण १५८३ च्या पत्रात सापडते. बंधूस लिहिलेल्या त्या लॅटिन पत्रात, ह्या देशातील भाषांची घडण लॅटिन व ग्रीक भाषांसारखी आहे, असे निरीक्षण त्यांनी नोंदविले. सर विल्यम जोन्स ह्यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्यांचा संबंध कलकत्त्यास १७८६ मध्ये प्रतिपादिला, त्याच्या दोन शतके आधीचे हे विधान आहे. त्याला शास्त्रीय सिद्धांत म्हणता येणार नाही. परंतु चार वर्षांच्या सहवासात शब्दांपलीकडे जाऊन भाषेच्या रचनेपर्यंत त्यांची दृष्टी पोचली होती, हे त्यावरून निश्चित होते.

ह्या सहवासाचे फलित तीन ग्रंथांत दिसते. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. कोंकणी प्रश्नोत्तरी त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये, आणि कोंकणीचे पोर्तुगीज भाषेतील व्याकरण, दियोगु रिबेरु आदींनी वाढवून, १६४० मध्ये तेथेच प्रसिद्ध झाले. ह्या तिन्हींतील भाषांची निवड अर्थपूर्ण आहे. मुलांना व नवख्यांना तोंडी शिकवावयाची प्रश्नोत्तरी घरच्या कोंकणीत आहे. ऐकावयाचे व गावयाचे पुराण मात्र मराठीत आहे. त्यात सुलभतेसाठी स्थानिक बोलीचे शब्द मिसळले आहेत. सासष्टीतील लोक घरी कोंकणी बोलत, पण पुराण म्हटले की त्यांच्या कानाला मराठी ओवीची सवय होती. घरची भाषा आणि ग्रंथाची भाषा ह्यांतील हा भेद केवळ कोशावरून कळण्याजोगा नाही. लोकांत राहूनच तो ध्यानात येतो.

जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या ह्या पुराणात बायबलची कथा एतद्देशीय वेष धारण करून येते. देवाला ‘परमेश्वर’ व स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटलेले आहे. उलट, ज्या वस्तूंना व विधींना देशी प्रतिशब्द घेतल्यास अर्थाचा घोटाळा होईल, तेथे पोर्तुगीज-लॅटिन संज्ञा ठेवण्याकडे त्या काळच्या मिशनऱ्यांचा कल होता. पाद्री, क्रूस, इगर्जी हे शब्द ह्याच संपर्कातून मराठीत स्थिरावले. जुनी संज्ञा नव्या अर्थाने वापरावी की परकी संज्ञाच रूढ करावी, हा पेच धर्माचे भाषांतर करणाऱ्या प्रत्येकापुढे येतो. मन्मथस्वामींस ‘परमेश्वर’ शब्दाविषयी असा पेच पडण्याचे कारण नव्हते. स्टीफन्स ह्यांना तो प्रत्येक अध्यायात सोडवावा लागला. तरीही दोघांनी वाहन म्हणून ओवीच निवडली. ज्ञानेश्वरांपासून एकनाथांपर्यंत घडत आलेला हा छंद सोळाव्या शतकाच्या अखेरीस किती सर्वस्पर्शी झाला होता, ह्याचे याहून मोठे प्रमाण शोधावयास नको.

लिपीविषयीही स्टीफन्स ह्यांची दृष्टी स्पष्ट होती. १६०८ साली रोम येथील संघप्रमुखांस पत्र लिहून त्यांनी देशी लिपीत ग्रंथ छापण्याची परवानगी मागितली. जोडाक्षरांमुळे सुमारे ६०० साचे लागतील, परंतु ती संख्या २०० पर्यंत उतरविता येईल, असा हिशेबही त्यांनी मांडला होता. ती योजना सिद्धीस गेली नाही व ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीतच छापले गेले. लोकांची भाषा स्वीकारली गेली, परंतु तिची लिपी छापखान्याच्या बाहेरच राहिली.

ह्या साऱ्या कार्याची दुसरी बाजू दृष्टीआड करून चालणार नाही. गोव्यात धर्मन्यायासनाची स्थापना १५६० मध्ये झाली होती. सासष्टीतील देवळे त्याच दशकात पाडली गेली. हिंदूंचे ग्रंथ जप्त झाले. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनी येशूसंघाच्या पाच जणांस ठार केले व त्यानंतर तेथील प्रमुखांस पोर्तुगीजांनी कपटाने मारिले. ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभीच असा प्रसंग आहे की, जुनी पुराणे निषिद्ध झाल्यामुळे नव्या ख्रिस्ती लोकांस वाचावयास व ऐकावयास काही उरले नाही, अशी तक्रार एक श्रोता करितो आणि तिच्या निवारणार्थ हे नवे पुराण पुढे येते. म्हणजे मराठीच्या प्रेमाने रचलेल्या ह्या ग्रंथाला जागा मिळाली ती मराठीचेच काही ग्रंथ हिरावून घेतल्यानंतर. स्टीफन्स ह्यांच्या व्यासंगाची थोरवी त्यामुळे कमी होत नाही. परंतु त्या व्यासंगाच्या मागे सत्तेची छाया होती, हे विसरून त्याचे मूल्यमापन करणे अनैतिहासिक ठरेल.

पुढील पिढ्यांत ही छाया गडद होत गेली. १६८४ साली व्हाइसरॉय काउंट आल्व्होर ह्यांनी फर्मान काढून लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे असे ठरविले. १७४५ मध्ये आर्चबिशपांनी पोर्तुगीज येणे ही ख्रिस्ती विवाहाचीच अट केली. १६०६ मध्ये शिकण्याचे ओझे पाद्रीवर होते. १६८४ नंतर ते रयतेवर पडले. स्पॅनिश अमेरिकेतही हाच क्रम दिसतो. १५८४ मध्ये केचुआत धर्मशिक्षण छापणाऱ्या साम्राज्याने, तिसऱ्या चार्ल्सच्या १७७० च्या हुकुमाने, देशी भाषा नाहीशा करून केवळ स्पॅनिश चालविण्याचे धोरण जाहीर केले. दोन्ही ठिकाणी फर्मानांनी भाषा मेल्या नाहीत. पण छापील ग्रंथांची ती जोमदार परंपरा गोव्यात खुंटली. ‘क्रिस्तपुराण’ १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. त्यानंतर ते हस्तलिखितांतून जगले. पुन्हा छापून निघाले ते १९०७ मध्ये, आणि तेही गोव्यात नव्हे, तर मंगळूर येथे.

सहवासावाचून शिकलेल्या भाषेची मर्यादा एकोणिसाव्या शतकात दिसून आली. विल्यम कॅरी ह्यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथे राहून, वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने, १८०५ मध्ये मराठी व्याकरण व १८१० मध्ये कोश प्रसिद्ध केला. त्यांचे परिश्रम असामान्य होते. तथापि मराठी मुलखात ते कधी राहिले नाहीत, आणि त्यांच्या मराठीवर नागपूरकडील वळणाची छाप होती. १८१३ मध्ये मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांस ती मराठी पश्चिम महाराष्ट्रात चालेना. त्यांनी लोकांत राहून भाषा शिकून नव्या कराराचे स्वतंत्र भाषांतर १८२६ पर्यंत पुरे केले. पुढे १८३१ मध्ये ते अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, येथे स्थिरावले, आणि तेथून १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ निघाले. शेजारचा बीड जिल्हा त्या काळी निजामाच्या राज्यात होता.

विसाव्या शतकात भाषाशिक्षण व धर्मसेवा ह्यांची ही सांगड संस्थाबद्ध झाली. उत्तर अमेरिकेतील धर्मसेवकांस स्पॅनिश शिकविण्यासाठी १९४२ मध्ये कोलंबियातील मेदेयीन येथे एक विद्यालय निघाले व १९५० मध्ये ते कोस्टा रिकातील सान होसे येथे नेण्यात आले. येथे इतिहासाचा एक विलक्षण फेरा दिसतो. १७७० मध्ये जी स्पॅनिश राज्यकर्त्यांनी लोकांवर लादली, तीच आता लोकांची भाषा म्हणून नवागत शिकत होते. केचुआ बोलणाऱ्या पहाडी शेतकऱ्यास मात्र पाद्रीची इंग्रजी आणि पाद्रीने शिकलेली स्पॅनिश, दोन्ही परक्याच.

ह्यावरून एक निष्कर्ष काढता येतो. परदेशात राहून भाषा शिकणे ही गोष्ट स्वतः उदारही नसते व आक्रमकही नसते. शिकण्याचे कष्ट कोणी घ्यावयाचे, ह्यावर तिचे स्वरूप ठरते. आलेल्याने शिकावयाचे ठरविले तेव्हा सासष्टीत एक पुराण, एक प्रश्नोत्तरी व एक व्याकरण निर्माण झाले. राहणाऱ्यांवर शिकण्याची सक्ती झाली तेव्हा फर्माने निघाली, आणि पुस्तके निघेनाशी झाली. मराठीच्या अभ्यासकास ह्या इतिहासात अजून बरेच काम उरले आहे. ‘परमरहस्य’ आणि ‘क्रिस्तपुराण’ ह्या दोन ग्रंथांतील धर्मसंज्ञांची शब्दशः तुलना केल्यास, आतून येणारा व बाहेरून येणारा उपदेशक एकच भाषा कशी निरनिराळ्या प्रकारे वाकवितो, हे तपशिलाने दाखविता येईल. ही तुलना दोन पंथांच्या वादासाठी नव्हे, तर मराठीच्या धारणाशक्तीचे माप घेण्यासाठी झाली पाहिजे.