बोर्नव्हिलचीं जोडघरें

ज्युबिलीच्या या स्मरणिकेंत आपल्या देवालयाचा वृत्तांत इतरांनीं दिलाच आहे. आम्ही वाचकांस दूर इंग्लंडांत, कांहीं साध्या घरांकडे नेऊं इच्छितों. एका छपराखालीं दोन बिऱ्हाडें, मध्यें सामाईक भिंत, पुढें लहानशी बाग, एवढेंच त्यांचें वैभव. अशा विटांच्या जोडघरांस जतन करण्याजोगा वारसा म्हणावें काय? म्हणावें, असें आमचें मत आहे.

कॅडबरी बंधूंनीं १८७९ सालीं आपला चॉकोलेटचा कारखाना बर्मिंगहॅमच्या दाटींतून मोकळ्या शेतांत नेला. त्या काळीं शहरांतील कितीएक मजूर पाठीला पाठ लावून बांधलेल्या घरांत राहात. तिन्ही बाजूंस परक्याच्या भिंती. वारा येणार कोठून? १८९५ पासून जॉर्ज कॅडबरींनीं कारखान्यालगत बोर्नव्हिल येथें घरें बांधविलीं, आणि तीं केवळ आपल्याच नोकरांस न देतां इतरांसही खुलीं ठेविलीं. हे गृहस्थ क्वेकर, म्हणजे आमच्या ख्रिस्तसभेबाहेरचे. पण सत्कृत्य वाखाणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

रचनाकार विल्यम अलेक्झांडर हार्वी हे तेव्हां अवघ्या विशींतले. त्यांनीं पुष्कळशीं घरें जोडीजोडीनें बांधलीं. यांत मोठी युक्ति आहे. एक भिंत दोघांत वांटल्यानें खर्च वांचतो, आणि तरीही प्रत्येक घराच्या तीन बाजू उजेडास मोकळ्या राहतात. घरानें आपल्या जागेचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग व्यापूं नये असा दंडक होता. उरलेल्या जागेंत भाजीपाला व फळझाडें. १९०० सालीं कॅडबरींनीं ३१३ घरें व सुमारें ३३० एकर भूमि एका विश्वस्त मंडळाच्या स्वाधीन केली. उत्पन्न वसाहतीच्याच कामीं लागावें, हा हेतु.

या घरांचें मोल जोडींत आहे. एकानें आपल्या अर्ध्या भागाच्या विटांस रंग फांसला, लांकडी खिडकी काढून प्लास्टिकची बसविली, किंवा बाग फरसबंद करून तेथें मोटार उभी केली, कीं शेजाऱ्याचें अर्धेंही विद्रूप होतें.

१९६७ च्या कायद्यानें दीर्घ मुदतीच्या पट्टेदारांस घराखालची जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला. हक्क न्याय्यच, परंतु त्यामुळें मंडळाचा ताबा सुटून घरोघरीं मन मानेल तसे फेरफार झाले असते. म्हणून जमीन विकत घेतली तरी घराचें बाह्य रूप पालटतांना मंडळाची संमति घ्यावी, अशी योजना त्याच कायद्याच्या आधारें करण्यांत आली. स्वतःच्या घराची खिडकी बदलण्यासही परवानगी मागावी, याचा कोणास जाच वाटल्यास नवल नाहीं. तरीपण आमचा कौल मंडळाकडेच आहे.