नागफणी, ड्यूक्स नोज आणि घाट उतरणारी ‘अप’ गाडी

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्या तालुक्यातल्या नावांचा आहे आणि शेवटी तो पावसाळ्यातल्या मृत्यूंपर्यंत जातो.

खंडाळ्याच्या दरीवर पुढं झुकलेल्या सुळक्याला आपण नागफणी म्हणतो. जाहिरातीत आणि मोबाईलच्या नकाशावर तोच ड्यूक्स नोज होतो. दगड एकच. साहेबाला त्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं बाकदार नाक दिसलं. हा वेलिंग्टन म्हणजे आर्थर वेलस्ली, १८०३ साली दुसऱ्या बाजीरावाला गादीवर बसवायला फौज घेऊन पुण्यात आला होता तोच. ड्यूक तो झाला १८१४ मध्ये, म्हणजे हे इंग्रजी नाव त्यानंतरचंच. त्याच्या नाकाची त्याच्याच सैन्यात थट्टा चालायची. उलट कुरवंड्याच्या माणसाला त्याच दगडात फणा काढलेला नाग दिसला. दोघांनाही नवीन आकार ओळखीच्या आकारावर बसवायचा होता. एकाच्या ओळखीत सेनापतीचं नाक होतं, दुसऱ्याच्या ओळखीत शेतात रोज भेटणारा नाग. दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण नाग म्हटलं की माणूस जपून पाऊल टाकतो. नाक म्हटलं की फोटो काढतो.

आता ‘मावळ’ शब्दच घेऊ. शाळेत बहुतेकांनी ऐकलंय की सूर्य मावळतो त्या बाजूचा मुलूख म्हणून मावळ. ऐकायला गोड आहे. पण जरा विचार करा, सूर्य इथं मावळतो असं कोणाला दिसतं? पुण्यात उभं राहणाऱ्याला. आपण लोहगडावर उभे राहिलो तर सूर्य पलीकडं कोकणात मावळतो. म्हणजे हा अर्थ आपल्याकडं पूर्वेकडून बघणाऱ्या माणसाचा आहे.

खरा पुरावा कार्ल्याच्या लेण्यात आहे. एकवीरेला वर्षातून दोनदा जाणाऱ्यांपैकी किती जणांनी भिंतीवरची ब्राह्मी अक्षरं थांबून बघितलीत कोण जाणे. तिथल्या सातवाहन काळातल्या एका लेखात मामाल इथल्या अमात्याला हुकूम दिलाय, की ‘मामालाहार’ या प्रांतातलं करजक नावाचं गाव वलूरक लेण्यातल्या भिक्खूंना द्यावं. आहार म्हणजे तेव्हाचा जिल्हा समजा. वलूरक म्हणजे कार्ल्याचं लेणं. जुन्या अभ्यासकांनी मामाल म्हणजेच मावळ असं मानलंय, आणि मला ते पटतं. कारण सोपं आहे. आपल्या भाषेत शब्दाच्या मधला ‘म’ झिजून ‘व’ होतो. ग्रामचं गाव झालं, नामचं नाव झालं. आमलकाचा आवळा, कोमलचा कोवळा, श्यामलचा सावळा. त्याच चालीनं मामालचं मावळ. म्हणजे अठराशे वर्षांपूर्वी या खोऱ्याला जे नाव होतं तेच आजही तहसील कचेरीच्या पाटीवर आहे, फक्त जिभेवर घासून गुळगुळीत झालेलं.

मग सूर्याची गोष्ट आली कुठून? तर मामालचा मूळ अर्थ लोक विसरले, आणि अर्थ नसलेला शब्द माणसाच्या डोक्यात फार दिवस राहत नाही. जवळचा ओळखीचा शब्द सापडला, ‘मावळणे’, आणि त्याला जोडून टाकला. यात लोक अडाणी होते असं काही नाही. सगळ्या जगात हे होतं. लेण्यांची आवली म्हणून लोणावळा हेही असंच सांगतात. साहेबानं तर त्याचं कागदोपत्री लानौली करून टाकलं होतं. बरं, लेणं हा शब्द मात्र अस्सल. वर सांगितलेल्या लेखात तो ‘लेण’ असाच येतो, आणि आपणही लेणंच म्हणतो. पायथ्याच्या वेहेरगावच्या नावात विहार आहे असं मानतात.

कार्ल्याच्या खांबांवर अजून एक मजा आहे. बरेच खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या लोकांनी दान दिलेत. पण लेख ग्रीक भाषेत नाहीत. इथल्या प्राकृतात, इथल्या लिपीत आहेत. पैसे आपले, नाव आपलं, पण वाचणार कोण, तर या वाटेनं जाणारा भिक्खू आणि व्यापारी. म्हणून भाषा त्यांची. दोन हजार वर्षांपूर्वीच्या परदेशी देणगीदाराला ही गोष्ट कळत होती. आपल्याकडच्या सेकंड होमच्या जाहिराती बघा आणि ठरवा, त्या कोणासाठी लिहिलेल्या असतात.

राज्यकर्त्यानं नाव दिलं म्हणून ते चालतंच असंही नाही. तिकोना आणि तुंग घ्या. कागदोपत्री त्यांना वितंडगड आणि कठीणगड अशी भारदस्त नावं मिळाली. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, त्यातले काही रुजले आणि बरेच कागदावर राहिले. (कमेंटमध्ये तलवारी उपसू नका, ही महाराजांवर टीका नाही.) पवन मावळातला गुराखी रोज ज्या डोंगराचे तीन कोन बघतो त्याला तो तिकोनाच म्हणणार. ‘मावळा’ शब्दाचंही तसंच. आधी मावळात राहणारा तो मावळा. मग महाराजांच्या फौजेतला कोणीही मावळा. आता गाडीच्या काचेवर स्टिकर लावणारा नाशिकचा किंवा नांदेडचा पोरगाही मावळा. अंदर, नाणे आणि पवन मावळातल्या माणसाला मात्र ‘तुम्ही कुठले’ विचारलं तर तो गावाचं नाव सांगतो.

नावांपेक्षाही मला जास्त गंमत वाटते ती प्रत्ययांची. आपण म्हणतो ‘कोकणात गेलो’ आणि ‘देशावर गेलो’. ‘घाटावरची माणसं’, ‘तळकोकणातली माणसं’. कधी कोणी ‘कोकणावर गेलो’ म्हणत नाही. हे व्याकरण आपल्याला कोणी शिकवलं नाही, सह्याद्रीनं शिकवलं. कोकण खाली, आत, म्हणून ‘त’. देश वर, पसरलेला, म्हणून ‘वर’. जुनी माणसं आजही म्हणतात, ‘खाली कर्जतला गेलाय’, ‘वर लोणावळ्याला येतोय’. उत्तर-दक्षिण कशाला पाहिजे? जमिनीचा उतार हेच होकायंत्र.

हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. मेक्सिकोत चियापास नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथं तेनेहापा गावात त्सेल्ताल बोलणारे माया लोक राहतात. १९९० च्या दशकात पेनेलोपी ब्राऊन आणि स्टीफन लेव्हिन्सन या अभ्यासकांनी त्यांची भाषा तपासली. तिथली जमीन दक्षिणेकडं चढते, उत्तरेकडं उतरते. ते लोक सपाट टेबलावरच्या दोन बाटल्यांबद्दलही ‘चढाकडची बाटली’, ‘उताराकडची बाटली’ असं बोलतात. डावं-उजवं त्यांच्या फारसं कामाचं नाही. डोंगर समोर दिसत नसला तरी डोक्यात उतार कायम असतो. आपल्याकडच्या आजोबांना हे सांगितलं तर त्यांना त्यात काही नवल वाटणार नाही.

आता रेल्वेकडं या. खंडाळा ते पुणे रूळ १८५८ मध्ये सुरू झाले. घाट फोडून मुंबईची लाईन जोडली गेली १८६३ मध्ये. मधली पाच वर्षं घाटाचा टप्पा लोक पालखीनं, टट्टूवरून पार करायचे. गाडीबरोबर दोन शब्द आले, अप आणि डाउन. पुण्याहून मुंबईला जाणारी गाडी अप. मुंबईहून पुण्याला येणारी डाउन. म्हणजे लोणावळ्याहून सहाशे मीटरच्या आसपास खाली उतरणारी गाडी ‘अप’, आणि मागून बँकर इंजिन लावून धापा टाकत घाट चढणारी गाडी ‘डाउन’! साहेबाच्या डोक्यात राजधानी वर असते. तिकडं लंडनला जायचं म्हणजे अप. इथं कंपनीचं मुख्य ठाणं मुंबईत, म्हणून मुंबई वर. त्याच्या नकाशात उंची सत्तेची होती, आपल्या नकाशात डोंगराची. घरातले रेल्वेवाले कामावर असताना अप म्हणायचे आणि घरी आल्यावर ‘खाली गेली गाडी’ म्हणायचे. एकाच डोक्यात दोन्ही नकाशे, आणि गोंधळ कधी झाला नाही.

अमृतांजन पुलाची गोष्ट छोटी आहे. बोरघाटाचा रस्ता १८३० मध्ये झाला, त्याच सुमाराचा हा पूल. त्यावर बामची जाहिरात लागली आणि लोकांनी पुलाला तेच नाव दिलं. जाहिरात गेली, पुढं एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनच्या काळात स्फोटकं लावून पूलही पाडला. आम्ही बातमीदार मात्र अजून लिहितो, ‘अमृतांजन पुलाजवळ अपघात’. ड्रायव्हरला बरोबर कळतं कुठं ते.

इथवर गमतीचं होतं. पुढचं तसं नाही.

३० जून २०२४, रविवार. भुशी धरणाच्या मागच्या बाजूला एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तो व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. प्रवाहात मधल्या खडकावर एकमेकांना धरून उभी होती. फिरायला येणाऱ्यासाठी ती जागा ‘वॉटरफॉल’ आहे. त्या शब्दात पाणी फक्त पडतं, आपण बघायचं, भिजायचं. इथल्या माणसासाठी तो ओढा आहे. ओढ्याला लोंढा येतो. वर डोंगरात झड लागली की इथं ऊन असलं तरी खाली लोंढा येणार, हे ‘वर’ आणि ‘खाली’ मध्ये विचार करणाऱ्याला सांगावं लागत नाही. ज्याच्या डोक्यात ही जागा म्हणजे मोबाईलवरचा एक ठिपका आहे, तो मान वर करून डोंगराकडं बघतच नाही.

मग १५ जून २०२५. कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला, चार माणसं गेली. तो पूल नावामुळं पडला नाही. जुना होता, धोकादायक ठरलेला होता, त्यावर झेपणार नाही एवढी गर्दी होती, आणि त्याचा जाब ज्यांना द्यायचाय त्यांनी द्यावा. पण गाव काय सांगतंय तेही ऐका. कुंड-मळा. नदीच्या खडकात पाण्यानं कोरलेली खोल कुंडं आहेत, रांजणखळगे. वरून पाणी शांत दिसतं, आत पाय गेला की तळ लागत नाही. ज्यानं नाव ठेवलं त्यानं सूचनाफलकच लावून ठेवला होता, पण तो मराठीत होता आणि जुना होता. ‘पाण्यात उतरू नये’ अशी सरकारी पाटी लाल अक्षरात लावतात, पण का उतरू नये ते त्यात नसतं. कुंड या शब्दात ते असतं.

जमिनीचंही तेच होतंय. १९४७ चा तुकडेबंदी-एकत्रीकरणाचा कायदा आला, पुढं सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. पण आजोबा ज्या तुकड्याला पाणथळ म्हणायचे, ओहोळाचं शेत म्हणायचे, तो सातबाऱ्यावर नुसता आकडा झाला. एनए करून प्लॉट पाडला की घेणाऱ्याला आकडाच मिळतो. चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावात शेताचं नाव ओहोळावरून का पडलं होतं, हे त्याला पहिल्या आषाढात कळतं.

माझी मागणी साधी आहे, नगरपरिषदेकडं आणि वनखात्याकडंही. पॉइंटच्या पाट्या काढू नका, पर्यटनावर अनेकांची पोटं आहेत. पण प्रत्येक पाटीवर जुनं नाव आणि त्याचा अर्थ मोठ्या अक्षरात लिहा. कुंड म्हणजे काय, लोंढा कुठून येतो, हे मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत लिहा. बचाव पथकांच्या नकाशावर ड्यूक्स नोजशेजारी नागफणी लिहिलेलं असलं तर अडकलेला पर्यटक आणि गावातला वाटाड्या एकाच जागेबद्दल बोलतील.

आणि तुमच्याकडून एक हवंय. आपल्या गावच्या ओढ्याला, खिंडीला, टेपाडाला, शेताच्या तुकड्याला घरातली म्हातारी माणसं काय म्हणतात ते विचारा आणि खाली लिहा, गावाच्या नावासकट. अंदर मावळाची नावं माझ्याकडं सगळ्यात कमी आहेत.