चार आकडे, तीन टिंबं

१९२.१६८.१.१

ओळखीचा वाटतो ना हा आकडा? घरी वायफाय बसवायला आलेला मुलगा बऱ्याचदा ब्राउझरमध्ये हाच टाईप करतो. माझ्या घरी हाच आहे, शेजाऱ्यांकडे हाच आहे आणि जगभरातल्या कोट्यवधी घरांतही हाच. म्हणायला आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे पत्ता. पण कोट्यवधी घरांचा एकच पत्ता असेल तर त्याला पत्ता म्हणायचं कसं?

मी 'कॉम्प्युटरमधला' असा नातेवाइकांचा पक्का समज आहे. त्यामुळे लग्नकार्यात पंगतीत बसलो की असले प्रश्न हमखास येतात. त्यातला आवडता प्रश्न म्हणजे, "आयपी अ‍ॅड्रेसवरून माणूस लगेच सापडतो म्हणे, खरं का रे?" याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येत नाही. त्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागतो, आणि जिलबी हातात असताना कोणाला इतिहास ऐकायचा नसतो. म्हणून इथे लिहितोय.

आधी आपल्या घरचं उदाहरण. १५ ऑगस्ट १९७२ ला आपल्याकडे पिनकोड सुरू झाला. तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. पोस्टातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी! ४११०३० म्हटलं की पुण्याची सदाशिव पेठ. पण कोलकात्याच्या पोस्टात पत्रं निवडणाऱ्या माणसाला सदाशिव पेठ ठाऊक असायची गरजच नाही. त्याने पहिला ४ बघायचा आणि पत्र पश्चिमेकडच्या थैलीत टाकायचं. पुढे कोणीतरी ४११ बघून पुण्याला पाठवेल. शेवटचे तीन आकडे पुण्यातल्यांनी बघायचे. सगळा पत्ता सगळ्यांनी वाचायचा नाही, ही त्यातली युक्ती.

आयपी अ‍ॅड्रेसमध्येही तीच युक्ती आहे. वाटेतला राऊटर पत्त्याचा फक्त पुढचा भाग, म्हणजे 'कुठलं नेटवर्क' एवढंच बघतो आणि माहितीचं पाकीट पुढच्या राऊटरकडे ढकलतो. मागचा भाग, म्हणजे 'त्या नेटवर्कमधला कुठला कॉम्प्युटर', तो मुक्कामाच्या गावी गेल्यावर बघितला जातो.

आता जरा मागे जाऊ. १९६९ मध्ये अमेरिकेत आर्पानेट सुरू झालं तेव्हा पत्ता होता फक्त ८ बिटांचा. त्यातले ६ बिट केंद्रासाठी, २ त्या केंद्रावरच्या कॉम्प्युटरसाठी. म्हणजे ६४ केंद्रं गुणिले ४ कॉम्प्युटर, एकूण २५६. एकेक कॉम्प्युटर खोलीएवढा होता तेव्हा, त्यामुळे २५६ म्हणजे चिक्कार वाटले असणार. १९७४ मध्ये व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी वेगवेगळी नेटवर्क एकमेकांना कशी जोडायची यावर तो प्रसिद्ध शोधनिबंध लिहिला. त्यात नेटवर्कच्या क्रमांकासाठी ८ बिट धरले होते, आणि जगात २५६ नेटवर्क पुष्कळ झाली असा त्यांचाही अंदाज होता!

मग आलं १९७७. पत्ता किती लांब असावा यावर इंजिनियर लोकांचा वाद काही संपेना. कोणी म्हणे ३२ बिट, कोणी म्हणे १२८, कोणी म्हणे लांबी कमीजास्त होऊ द्या. सर्फ तेव्हा अमेरिकन संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेत हा कार्यक्रम चालवत होते. शेवटी त्यांनी ३२ वर शिक्का मारला. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांनी सांगितलं की हा एक प्रयोग होता आणि प्रयोगाला एवढे पत्ते पुरतील असं वाटलं होतं. गंमत अशी, की तो प्रयोग संपलाच नाही. आपण सगळे अजून त्यातच आहोत.

३२ बिट म्हणजे ३२ घरं, प्रत्येकात शून्य किंवा एक. त्यांचे आठ-आठचे चार गट केले आणि प्रत्येक गट आपल्या नेहमीच्या आकड्यांत लिहिला की ० ते २५५ मधला एक आकडा मिळतो. म्हणून चार आकडे, तीन टिंबं. असे एकूण पत्ते होतात ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. १९७७ मध्ये जगाची लोकसंख्याच चार अब्जांच्या आसपास होती. माणशी एक पत्ता! कॉम्प्युटर मोजके हजार असताना ही उधळपट्टीच वाटली असेल.

हे पत्ते वाटायचे कोणी? तर जॉन पोस्टेल नावाच्या एका दाढीवाल्या गृहस्थांनी. कॅलिफोर्नियातला हा संशोधक विद्यार्थिदशेपासून नेटवर्कचे क्रमांक लिहून ठेवायचं काम करायचा. कोणाला कुठला क्रमांक दिला याची नोंद ठेवायची, बस. सुरुवातीला ही नोंद म्हणजे अक्षरशः एक वही होती. मला या वहीचं फार अप्रूप वाटतं. जगातल्या एवढ्या मोठ्या व्यवस्थेच्या मुळाशी कायदा नव्हता, करार नव्हता. एका माणसाची वही होती आणि त्याच्यावर लोकांचा विश्वास होता. १६ ऑक्टोबर १९९८ ला पोस्टेल गेले, तोपर्यंत या कामावर त्यांचीच देखरेख होती.

सप्टेंबर १९८१ मध्ये आयपीचा नियम पोस्टेल यांनीच शब्दांत मांडला आणि १ जानेवारी १९८३ ला अख्खं आर्पानेट त्यावर गेलं. पत्ते तीन मापांत मिळायचे. 'ए' माप म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते, 'बी' म्हणजे ६५,५३६ आणि 'सी' म्हणजे २५६. मधलं काहीच नाही. पायाला सात नंबरची चप्पल हवी आणि दुकानात फक्त चार नि बारा! हजार कॉम्प्युटरचं कॉलेज असेल तर ते अर्थातच बारा नंबर मागणार. आणि मिळायचाही. एमआयटीला १८ ने सुरू होणारे सगळेच्या सगळे पत्ते मिळाले, ॲपलला १७ चे, फोर्ड मोटर कंपनीला १९ चे. यात कोणाची लबाडी नव्हती. विहिरीला भरपूर पाणी असलं की कोणी घागरी मोजत नाही.

आपण मात्र उशिरा आलो. शिक्षणसंस्थांसाठी एर्नेटचं काम १९८६ पासून चालू होतं आणि जुहूची एनसीएसटी त्यात आघाडीवर होती. पण तुमच्याआमच्यासाठी इंटरनेट आलं ते व्हीएसएनएलकडून, १५ ऑगस्ट १९९५ ला. तोपर्यंत विहिरीवर रांग लागली होती. 'बी' मापाचे पत्ते संपत चालल्याची ओरड झाल्यावर १९९३ मध्ये ती तिन्ही मापं मोडीत काढून हवे तेवढेच पत्ते कापून द्यायची पद्धत आली. मागणाऱ्याला आता गरज किती ते दाखवावं लागायचं. आधी आलेल्यांना मात्र कोणी काही विचारलं नव्हतं.

आणि १९९४ मध्ये आली ती नॅट नावाची क्लृप्ती. सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर हेच. एखादी गिरगावातली चाळ डोळ्यांसमोर आणा. बाहेरच्या जगासाठी चाळीचा पत्ता एकच. आतल्या खोल्यांना एक, दोन, तीन असे नंबर, आणि शेजारच्या चाळीतही खोली नंबर एक असतेच, त्याने काही बिघडत नाही. दारावर एक रखवालदार बसलाय. कुठल्या खोलीतून कोणाला पत्र गेलं हे तो वहीत लिहितो, आणि उत्तर आलं की वही बघून त्या खोलीत नेऊन देतो. घरातला राऊटर म्हणजे हा रखवालदार. खोल्यांच्या नंबरांसाठी काही पत्ते कायमचे राखून ठेवलेत, त्यात १९२.१६८ ने सुरू होणारे सगळे येतात. ते चाळीबाहेर चालत नाहीत, म्हणूनच कोट्यवधी घरांत तेच ते वापरता येतात.

टंचाईने आणखी एक सवय लावली. इंटरनेट देणाऱ्या कंपन्या बाहेरचा पत्ताही कायमचा देईनात. तुम्ही जोडले जाता तेव्हा हाताशी असेल तो द्यायचा, मग काढून दुसऱ्याला द्यायचा. म्हणजे सकाळी माझा असलेला पत्ता संध्याकाळी नागपूरच्या कोणाचा तरी असू शकतो. कधी कोणाकडे होता हे फक्त कंपनीच्या वहीत. पुन्हा वहीच.

आणि ही वही चुकली तर काय होतं?

ऑगस्ट २००७ मध्ये पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका तरुण इंजिनियरला अटक केली. ऑर्कुटवर शिवाजी महाराजांबद्दल कोणीतरी आक्षेपार्ह मजकूर टाकला होता. पोलिसांनी आयपी अ‍ॅड्रेस मिळवला, इंटरनेट कंपनीला विचारलं, कंपनीने या मुलाचं नाव दिलं. माहिती चुकीची होती. पण ते सिद्ध होऊन बाहेर येईपर्यंत त्याने जवळजवळ ५० दिवस तुरुंगात काढले. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद पडलं, ती प्रोफाईलं गेली, भांडणं गेली. त्याचे ५० दिवस काही परत आले नाहीत.

म्हणून पंगतीतल्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की आयपी अ‍ॅड्रेसवरून एखादं कनेक्शन सापडू शकतं, तेही नेमकी वेळ माहीत असेल आणि वही बरोबर असेल तर. माणूस सापडत नाही. आता तर मोबाईल कंपन्या एकाच पत्त्याआड शेकडो गिऱ्हाईकं ठेवतात, चाळीच्या आत चाळ. तिथे पत्ता आणि वेळ सांगूनही भागत नाही, पोर्ट क्रमांकही लागतो.

विहिरीचं पुढे काय झालं? ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे पाच मोठे गट वाटून संपले. एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिकचा साठाही तळाला गेला. त्याच वर्षी दिवाळखोरीत गेलेल्या नॉर्टेल कंपनीकडून मायक्रोसॉफ्टने ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरला घेतले. वहीतून फुकट दिलेले आकडे बाजारात आले! २०१७ मध्ये एमआयटीनेही आपले लाखो पत्ते विकायला काढले.

खरा उपाय १९९५ पासून कागदावर आहे. तो म्हणजे आयपीव्ही६, १२८ बिटांचा पत्ता. त्यात ३४ वर ३७ शून्यं लिहिल्यावर होतील साधारण तेवढे पत्ते आहेत. पण जुनं चालतंय तोवर नवं कोण घेणार? ज्यांच्या माळ्यावर जुने पत्ते पडून होते त्यांना घाई नव्हती. आपल्याकडे होतेच कमी. २०१६ मध्ये जिओ सुरू झालं ते आयपीव्ही६ घेऊनच, आणि गुगलच्या मोजणीप्रमाणे भारतातले निम्म्याहून जास्त लोक आज या नव्या पत्त्यावरून येतात. यात आपला देश जगात पहिल्या काहींत आहे. उशिरा आल्याचा फायदा तो असा.

नव्या पत्त्यात प्रत्येक फोनला स्वतःचा पत्ता मिळू शकतो, रखवालदाराची गरज नाही. मग उलटी भीती आली, की आता प्रत्येक पाऊल ओळखता येईल. म्हणून २००१ मध्येच सोय केली गेली, की यंत्राने पत्त्याचा मागचा भाग अधूनमधून आपणहून बदलायचा. इतकी वर्षं पत्ते पुरत नाहीत म्हणून ते बदलत होतो. आता पुरून उरतात, तरी बदलतो आहोत, मुद्दाम.

असो. पुढच्या लग्नात कोणी विचारलंच तर मी या लेखाची लिंक देणार आणि निवांत जिलबी खाणार.