सौंसर मँगनीज पट्टा

सौंसर मँगनीज पट्टा हा मध्य भारतातील मँगनीज धातुकाचा प्रमुख पट्टा होय. महाराष्ट्रातील नागपूर व भंडारा आणि मध्य प्रदेशातील छिंदवाडा व बालाघाट या जिल्ह्यांतून तो कमानीच्या आकारात सुमारे 200 किलोमीटर पसरलेला आहे. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात असलेल्या व आता पांढुर्णा जिल्ह्यात मोडणाऱ्या सौंसर या गावावरून येथील खडकांच्या मालेस नाव मिळाले.

निर्मिती

हे निक्षेप मुळात कँब्रियनपूर्व काळातील समुद्रतळावरचा गाळ आहेत. ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यात मँगनीज विरघळून राहते. ऑक्सिजनयुक्त पाण्याशी संबंध आला की ऑक्साइडाच्या रूपाने तळाशी बसते. लोहाचा साका सामान्यतः त्याआधी बसतो, म्हणून हे दोन्ही धातू बऱ्याच अंशी विलग होतात. पुढे हे थर खोल गाडले गेले, त्यांना घड्या पडल्या आणि दाब व उष्णता यांमुळे त्यांचे रूपांतरण झाले. चिकणमातीचे अभ्रकी सुभाजा, वाळूचे क्वॉर्टझाइट व चुनखडीचे संगमरवर बनले. मँगनीज ऑक्साइडापासून ब्राउनाइट, बिक्सबाइट, हॉलंडाइट यांसारखी खनिजे तयार झाली. रामटेकजवळील मनसर गावाचे नाव असलेल्या शैलसमूहात धातुकाचे बहुतेक थर आढळतात.

मँगनीजयुक्त गाळात माती व वाळू मिसळलेली होती, तेथे स्पेसर्टाइन हे गार्नेट आणि क्वॉर्ट्झ यांचा खडक बनला. लुइस ली फर्मर यांनी 1909 मध्ये येथील गोंड समाजावरून त्यास ‘गोंडाइट’ असे नाव दिले. ब्राझील व आफ्रिकेतील तशा खडकांनाही आज हेच नाव लावतात. सीतापार गावाचे भाग्य मात्र एवढे नव्हते: फर्मर यांचे ‘सीतापाराइट’ पुढे बिक्सबाइटच असल्याचे सिद्ध झाले.

खोलीचा प्रश्न

धातुक मूळ थरातले की गोंडाइटाच्या नंतरच्या बदलातून आलेले, हा वाद केवळ पुस्तकी नव्हता. पृष्ठभागाजवळील अपक्षयाने धातुक बनले असेल, तर ते थोड्याच खोलीवर संपेल. थरच मूळचा असेल, तर तो घड्यांबरोबर खाली जाईल. फर्मर यांनी दोन्ही प्रकार मानले होते. जादवपूर विद्यापीठातील सुप्रिय रॉय यांच्या अभ्यासाने मुख्य धातुक रूपांतरित गाळच असल्याच्या मतास बळकटी मिळाली. बालाघाटजवळील भरवेली येथील खोल भूमिगत खाण या मताशी जुळते. अपक्षयाचे कार्य तरीही नगण्य नाही. भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथील उघड्या खाणीतून मिळणारे डायऑक्साइड धातुक शुष्क विद्युत्‌घटांसाठी वापरले जाते.

खाणकाम व उपयोग

सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटची स्थापना 1896 मध्ये झाली. तिच्या वारसदार ब्रिटिश कंपनीची मालमत्ता 1962 मध्ये भारत सरकारने ताब्यात घेऊन नागपूर येथे मुख्यालय असलेली मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड, आजची ‘मॉइल’, स्थापन केली.

जगातील बहुतांश मँगनीज पोलादनिर्मितीत खर्ची पडते व तेथे त्यास समाधानकारक पर्याय नाही. लिथियम विद्युत्‌घटांच्या काही प्रकारांतही ते लागते. अमेरिकेच्या 2022 च्या महत्त्वपूर्ण खनिजांच्या यादीत मँगनीज आहे. भारताने 2023 मध्ये जाहीर केलेल्या 30 खनिजांच्या यादीत मात्र त्याचा समावेश नाही.