शेपटीची क्रियापदे आणि झेक भाषेचा धडा

शाळेत इंग्रजी शिकताना आपणांपैकी प्रत्येकाला एका चिमुकल्या शब्दाने छळलेले असते. तो शब्द म्हणजे 'अप'. 'अप' म्हणजे वर, असे गुरुजी सांगतात. आणि मग 'ईट अप', 'ग्रो अप', 'वेक अप', 'ब्रेक अप', 'गिव्ह अप' अशी रांग समोर उभी राहिली की त्यांत 'वर' शोधता शोधता पुरेवाट होते. इंग्रजी व्याकरणात यांना 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. आपण त्यांना शेपटीची क्रियापदे म्हणू. मूळ क्रियापद साधे, पण शेपटी बदलली की अर्थ पालटतो.

आज आम्ही सांगणार आहोत ती हकीकत मध्य युरोपातील झेक लोकांची आहे. ही क्रियापदे आपल्या भाषेत कशी आणावी, हा प्रश्न त्यांनाही पडला. वरवर पाहता तो व्याकरणाचा प्रश्न. परंतु त्याच्यामागे एका लहान राष्ट्राच्या भाषेची तीन शतकांची धडपड उभी आहे.

प्रथम त्या भाषेची ठेवण पाहू. इंग्रजीत जे काम शेपटी करते, ते झेकमध्ये बव्हंशी उपसर्ग करतो. 'हृ' या एकाच धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार असे शब्द होतात, हे आपणांस ठाऊक आहे. झेकचेही तसेच. 'प्सात' म्हणजे लिहिणे. 'झप्सत' म्हणजे टिपून ठेवणे, 'ओप्सत' म्हणजे उतरून घेणे, 'पोदेप्सत' म्हणजे खाली सही करणे. 'ओदेप्सत' म्हणजे पत्राचे उत्तर लिहिणे, आणि हिशेबातील बुडीत रक्कम काढून टाकणे हाही त्याचाच अर्थ. उपसर्ग क्रियापदाला असा चिकटलेला असतो की इंग्रजी शेपटीप्रमाणे तो सुटा होऊन वाक्याच्या टोकाला जाऊन बसत नाही.

शिवाय हा उपसर्ग पुष्कळदा क्रिया पुरी झाल्याचेही सांगतो. 'येद्ल' म्हणजे तो खात होता. 'स्न्येद्ल' म्हणजे त्याने खाऊन टाकले. मराठीत हे काम 'टाकणे', 'काढणे', 'ठेवणे' अशी मागाहून येणारी क्रियापदे करतात.

आता कोणी म्हणेल, मग अडचण कसली? शेपटी काढावी आणि उपसर्ग लावावा! पण तसे होत नाही. 'ईट अप'ला झेकमध्ये 'स्नीस्त', 'ग्रो अप'ला 'विरूस्त', 'वेक अप'ला 'प्रोबुदित से', जमाव पांगणे या अर्थी 'ब्रेक अप'ला 'रोझेयीत से' आणि शरण जाणे या अर्थी 'गिव्ह अप'ला 'व्झदात से'. 'अप' एकच, उपसर्ग पाच. त्यांतील 'वर' हा मूळ अर्थ शेवटच्या 'व्झ'मध्ये आहे. म्हणजे शब्दास शब्द जोडू पाहणाऱ्या भाषांतरकाराची येथे फसगत ठरलेली.

ही फसगत झेकांना नवी नव्हती. ती त्यांनी जर्मन भाषेच्या सहवासात पुरेपूर भोगली होती. १५७९ ते १५९४ या काळात छापलेल्या क्रालित्से बायबलने झेक गद्याला मोठी प्रौढी आणून दिली. परंतु १६२० साली पांढऱ्या टेकडीच्या लढाईत झेक सरदारांचा पराभव झाला. १६२७ च्या नव्या राज्यनियमाने जर्मन भाषेला झेकच्या बरोबरीचे स्थान मिळाले, आणि पुढे दरबार, कचेरी व उच्च शिक्षण यांत जर्मनचाच वरचष्मा झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्थिती अशी की, झेक भाषेचे थोर अभ्यासक योसेफ दोब्रोव्स्की यांनी त्या भाषेचे १८०९ चे व्याकरण जर्मनमध्ये लिहिले. उच्च वाङ्मय या भाषेत पुन्हा होईल की नाही, याविषयी ते साशंक होते.

त्या शंकेला उत्तर मिळाले ते एका भाषांतराने. योसेफ युंगमान यांनी मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट'चे झेक भाषांतर १८११ साली प्रसिद्ध केले. जेथे शब्द अपुरे पडले तेथे त्यांनी जुन्या झेकमधून, पोलिश आणि रशियन या भगिनीभाषांतून शब्द घेतले, काही नवे घडविले. १८३४ ते १८३९ या काळात त्यांचा पाच खंडांचा झेक-जर्मन कोश निघाला. आपल्याकडे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला होता, हे येथे सहज आठवते.

भाषा सावरली, पण धास्ती गेली नाही. जर्मन घडणीचे शब्द झेकमध्ये रुळले होते. ओळख करून देणे या अर्थाचे 'प्र्शेद्स्ताव्हित' हे क्रियापद जर्मन शब्दाच्या साच्यातूनच आलेले: 'पुढे' अधिक 'ठेवणे'. १९१७ साली निघालेल्या 'नाशे र्शेच', म्हणजे 'आपली भाषा', या नियतकालिकाने शुद्धीची मोहीम चालविली. असे शब्द हुडकून बाहेर काढावेत, हा तिचा आग्रह. त्यात देशाभिमान होता, यात संशय नाही. परंतु लोकांच्या तोंडी बसलेला शब्द केवळ त्याचे कूळ पाहून हाकलावा काय?

याच वेळी विलेम माथेसियुस पुढे आले. जन्म १८८२ चा. प्रागच्या जुन्या विद्यापीठाचे झेक व जर्मन असे दोन भाग झाले तेच हे वर्ष. १९१२ मध्ये ते झेक विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक झाले. १९२० नंतर थोड्याच वर्षांत त्यांची दृष्टी इतकी अधू झाली की वाचनासाठी दुसऱ्यांवर विसंबावे लागे. तरी १९२६ साली त्यांनी प्रागचे भाषाशास्त्र मंडळ स्थापिले, आणि १९३२ साली या मंडळाने शुद्धिवाद्यांना जाहीर उत्तर दिले. शब्दाचे कूळ विचारू नका, तो आज कोणते काम करतो ते विचारा, असा त्या उत्तराचा मथितार्थ.

इंग्रजी आणि झेक यांची तुलनाही त्यांनी याच दृष्टीने केली: आधी सांगायचे काय ते पाहावे, मग प्रत्येक भाषा ते कसे सांगते ते पाहावे. 'गिव्ह अप' घ्या. शत्रूपुढे असेल तर 'व्झदात से'. धूम्रपानाविषयी असेल तर थांबणे या अर्थाचे 'प्र्शेस्तात'. गाडीतील जागेविषयी असेल तर मोकळी करणे या अर्थाचे 'उवोल्नित'. आपणही शरण जातो, व्यसन सोडून देतो आणि जागा मोकळी करून देतो. तिन्ही ठिकाणी इंग्रजी शेपटी गळून पडते, आणि आशय तेवढा जसाच्या तसा राहतो.

१७ नोव्हेंबर १९३९ रोजी नाझींनी झेक विद्यापीठे बंद केली. माथेसियुस एप्रिल १९४५ मध्ये वारले. प्राग मुक्त झाले ते मे महिन्यात. इंग्रजीची झेकच्या संदर्भात चिकित्सा करणारा त्यांचा ग्रंथ १९६१ साली योसेफ वाखेक यांनी संपादून प्रसिद्ध केला.

आपल्या वर्तमानपत्रांत आणि कचेऱ्यांत रोज इंग्रजीचे मराठी होत असते. त्या कामी आम्हांला हा धडा मोलाचा वाटतो. परक्या शब्दाला भिऊन दार लावून घेतल्याने भाषा वाचत नाही, आणि त्याची शेपटी धरून फरफटत गेल्यानेही वाचत नाही. आपले क्रियापद काय काय करू शकते, हे ज्याला नीट ठाऊक आहे, त्याला कोणत्याही 'अप'ची भीती बाळगण्याचे कारण नाही.